न घाबरणारं पिल्लू

तुम्हाला न घाबरणारं पिल्लू का हवं असतं?

उगाच विचारत नाही. कुत्र्याचं पिल्लू आणायला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हे विचारते आणि उत्तरं बहुतेक सारखीच मिळतात. न घाबरणारं म्हणजे धीट. न घाबरणारं म्हणजे राखणीला चांगलं. दचकून केकाटत नाही, कोपऱ्यात तोंड खुपसत नाही, फटाक्याला पळत नाही. पिल्लांच्या घोळक्याजवळ डबा आपटायचा आणि जे जागचं हलत नाही ते उचलायचं, हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. आम्ही तो तंतोतंत पाळला. पुढे काय झालं ते सांगते. त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही.

आमचं घर सीमाभागात, वडगावात आहे. रस्त्याला लागून बाहेरची खोली, तिच्यामागे यंत्रमागांची लांबट खोली आणि त्याच्याही मागे स्वयंपाकघर. पाहुण्याला चहा द्यायचा तर आईला कपबश्या घेऊन चालत्या मागांच्या मधून यावं लागतं. सकाळी माग सुरू झाले की तांब्यातलं पाणी थरथरायला लागतं ते संध्याकाळपर्यंत. या आवाजात आमच्याकडे कुणी कुणाला हाक मारत नाही, कारण मारून उपयोग नसतो. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलवायचं असलं की आई दारात उभी राहून फरशीवर पाय आपटते. हादरा जमिनीतून पोचतो, आप्पा मान वळवतात. मग ती खुणेनं सांगते. जेवायला चला, कांडीवरचं सूत संपलं, धोटा अडकलाय, बाहेर कुणीतरी आलंय, या सगळ्याला आमच्याकडे हाताची खूण आहे. उरलेलं ओठांवरून कळतं. मी शाळेत बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत असे. बाईंना वाटायचं, पोरगी फार लक्ष देते.

बाहेरच्या खोलीत आप्पांची कॉट आणि कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे. आप्पा तरुणपणी विणकरांच्या मोर्चाला जायचे, सीमाप्रश्नाच्या सभेला जायचे, आणि जिथून परत येतील तिथून काखेत पत्रकं घेऊन यायचे. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. त्यात विजेचे दर होते, मजुरी होती, शाळा होत्या, पाट्यांवरची भाषा होती. लढायच्या गोष्टी कोणत्या हे मला त्या कागदांनी शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण आता ते गठ्ठे पुन्हा उपसले तर एक गोष्ट खटकते. कानांबद्दल त्यात एक ओळ नाही. माग आणि माणूस यांच्यामध्ये दिवसभर एक आवाज उभा असतो आणि तो माणसाला हळूहळू खातो, ही मागणी करण्यासारखी बाब आहे असं कुणाला वाटलंच नाही. आप्पांनाही नाही.

उलट आमच्या गल्लीत आवाजाला न दचकणं ही लायकी मानतात. नवी सून माप ओलांडून आत आली की कुणीतरी मुद्दाम माग चालू करतं आणि ती कानांवर हात ठेवते का, ते सगळे बघत बसतात. चेष्टाच असते. आईनं ठेवले होते. ती सांबऱ्याची, शेतकऱ्याची मुलगी. तिला मागाची सवय कुठून असणार? अजूनही एखाद्या लग्नात शेजारच्या काकू तिला चिडवतात, "हिनं कान झाकलंतं गं, आन् डोळंबी मिटलंतं!" मांजर आणलं तरी आधी मागाजवळ नेऊन बघतात. पळालं तर ते घरात टिकणार नाही असं समजतात.

आमच्याकडे आधी एक तांबडी कुत्री होती. तिला कुणी निवडलं नव्हतं. एका पावसाळ्यात पायरीवर येऊन बसली ती राहिली. भुंकून आत काही पोचत नाही हे तिचं तिला समजलं होतं. कुणी अनोळखी माणूस पायरीवर आला की ती आत यायची आणि आईचा पदर तोंडात धरून ओढायची. ती म्हातारी होऊन गेली. त्यानंतर फार दिवस झाले नव्हते, भर दुपारी बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर घडी घालून ठेवलेल्या साड्या कुणीतरी उचलून नेल्या. आम्ही तिघंही भिंतीपलीकडे होतो. माग चालू होते.

आईनं कॉटखालीही वाकून बघितलं. "भित्तीच्या अल्याड माणूस येऊन ग्येला," ती म्हणाली, "आन् आपण तिघं जितीजागती पल्याड."

"कुत्रं आणूया," आप्पा म्हणाले. "आन् ह्या खेपेला बघून, निवडून आणूया. आलं ते ठिवलं असं करायचं न्हाय."

म्हणजे आम्हाला कान हवे होते. आमच्यासाठी ऐकणारं कुणीतरी हवं होतं. हे त्या वेळी कुणी असं उघड बोललं नाही, पण कुत्रं आणायचं कारण तेवढंच होतं. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

सांबऱ्याला मामाच्या शेतातली कुत्री व्याली होती. एका रविवारी आम्ही गेलो. मामाचं शेत विमानतळाच्या बाजूला. उतरणारं विमान इतकं खालून जातं की चाकं स्पष्ट दिसतात. पिल्लं दोन महिन्यांची झाली होती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली त्यांचा धिंगाणा चालला होता.

"ही तांबडी दोन लई खोडील हायत, दाजी," मामा आप्पांना सांगत होता. "चप्पल म्हणून ठिवत न्हाईत. ही काळी भित्री. आन् ह्यो गडी बघा निस्ता." त्यानं कडब्याच्या पेंढीला टेकून झोपलेल्या एका पांढऱ्या पिल्लाकडे बोट केलं. नाक गुलाबी, एक डोळा काळा आणि एक निळसर. "आत्ता विमान येतंय न्हवं, तवा बघा."

विमान आलं. तांबडी दोन्ही ट्रॉलीखाली शिरली. काळी शेपूट घालून मामीच्या पायांत घुसली, थरथरली आणि विमान गेल्यावर मान बाहेर काढून वर बघत राहिली. पांढरं होतं तिथंच झोपलेलं. कानसुद्धा हलला नाही.

"वाघ हाय वाघ!" मामा म्हणाला.

"वाघ कसला," मामी म्हणाली. "आळशी हाय नुस्तं. तुमच्यावर ग्येलंय."

सगळे हसले. आप्पाही हसले, मामीच्या तोंडाकडे बघून. मग त्यांनी विचारलं, "मागाचा आवाज सोसंल का पर?"

"विमानाला भीत न्हाय ते तुमच्या मागाला भील व्हय, दाजी? बरं, असं करा. काळी आन् पांढरं, दोन्ही न्या. मागापुढं सोडून बघा. नगं आसंल ते परत आणा."

दोन्ही पिल्लं टोपलीतून वडगावात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली चार माणसं बघायला जमली. आप्पांनी पिल्लं मागांच्या खोलीत सोडली आणि माग चालू केला. काळीनं तिथंच मुतलं, भिंतीला अंग घासत दाराकडे सरपटली आणि उंबऱ्याबाहेर जाऊन आमच्याकडे तोंड करून जीव तोडून भुंकायला लागली. तिचं तोंड उघडताना-मिटताना दिसत होतं, आवाज येत नव्हता. पांढऱ्यानं खाली पडलेला सुताचा धागा हुंगला, एक जांभई दिली आणि मागाच्या पायाशी, फरशी सगळ्यात जास्त हादरते तिथं, अंगाचं वेटोळं केलं.

शेजारच्या काकूंनी आप्पांना दोन्ही हातांनी खूण केली: हेच ठेवा.

काळी त्याच संध्याकाळी सांबऱ्याला परत गेली. जी ऐकत होती, जिनं धोका ओळखला होता, जी बाहेर उभी राहून आम्हालाही बाहेर बोलवत होती, तिला आम्ही नापास केलं.

पांढरं आमच्या घरात असं रुळलं की जणू इथंच जन्मलं. घर त्याच्यासाठीच बनवल्यासारखं होतं. इथं कुणी हाक मारत नव्हतं, त्यामुळे त्याला नाव ठेवायची गरज पडली नाही. पाय आपटला की ते मान वळवायचं. तळहात खाली केला की बसायचं. आप्पांच्या सगळ्या खुणा त्याला महिन्याभरात कळायला लागल्या. आप्पा रंगात येऊन गल्लीत सांगायचे, "माणसापरास हुशार हाय. येकदा दावलं की झालं." ते कधी भुंकत नव्हतं आणि आम्ही त्याला शांत म्हणत होतो. पाहुणा थेट कॉटपर्यंत आला तरी ते झोपलेलं असायचं आणि आम्ही म्हणायचो, माणसाळलंय. ज्या घरात सगळेच बहिऱ्यासारखे जगतात तिथं बहिरं जनावर ओळखायचं कसं?

एका दुपारी करंट गेलं. एकेक करत सगळ्या गल्लीतले माग थांबले आणि ती शांतता पसरली जी आम्हाला नेहमी जराशी अवघड वाटते. आप्पा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर मांडी घालून, रस्त्याच्या दाराकडे तोंड करून कांड्या निवडत होते. पांढरं खुर्चीशी झोपलेलं. मी कॉटवर वाचत होते. आई धुतलेली ताटं घेऊन मागांच्या खोलीतून आली, तिचा पाय उंबऱ्याला अडखळला आणि स्टीलच्या ताटांची आख्खी चळत फरशीवर पडली. मी ताडकन उभी राहिले. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "काय झालं हो?" एक ताट बराच वेळ गोल फिरत वाजत राहिलं.

पांढरं झोपलेलंच होतं. फरशीचा हादरा पोचल्यावर त्यानं एक डोळा किलकिला केला आणि पुन्हा मिटला.

आणि आप्पा कांड्या निवडत होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

आईनं आधी कुत्र्याकडे बघितलं. मग आप्पांच्या पाठीकडे. मग खाली बसून ती एकेक ताट उचलायला लागली, आवाज न करता.

पिल्लाला घेऊन आम्ही जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्याचं तोंड माझ्याकडे करून धरायला सांगितलं आणि मागून टाळी वाजवली, किल्ल्यांचा जुडगा वाजवला, लोखंडी ट्रे टेबलावर आपटला. मग कानडीत म्हणाले, "इदक्क किवी केळंगिल्ल." ह्याला ऐकू येत नाही. जन्मापासूनचं. पांढरी कातडी, गुलाबी नाक, निळा डोळा असलेल्या काही पिल्लांत असं असतं. मागाचा दोष नाही, तुमचाही नाही.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवून सांगितलं. "उपाय काय?" आप्पांनी डॉक्टरांना ओरडून विचारलं.

डॉक्टर हसले आणि मराठीत म्हणाले, "आप्पा, हळू बोला. मला ऐकू येतंय." मग म्हणाले, उपाय नाही, पण कुत्रं चांगलं आहे, हुशार आहे, नीट जगेल. फक्त रस्त्यावर मोकळं सोडू नका. मागून गाडी आली तर कळणार नाही.

 घरी आल्यावर आप्पांनी मला मामाला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू करून मला समोर बसवलं, मामा काय म्हणतो ते सांगायला.

"भैरं हाय?" मामा म्हणाला. "आयला! मग आता हितं आणून मी काय करू, दाजी? राखणीच्या कामाचं न्हाय. खानापूरकडं जाताना सोडा की रानाकडंला. जगलं तर जगलं."

मी ते आप्पांना तसंच्या तसं सांगितलं. आप्पा म्हणाले, "बराबर हाय. राखणीला आणलंतं. ज्येला ऐकायला येत न्हाय त्येचा घराला काय उपेग?"

आई भिंतीकडे तोंड करून साड्यांच्या घड्या घालत होती. ती तशीच, पाठ न वळवता म्हणाली, "भैऱ्याला घरातनं काढायचं म्हटलं तर सुरवात कुठनं करायची?"

तिनं पाठ मुद्दाम केली होती. ते मला ऐकू आलं, आप्पांना नाही. ते माझ्याकडे बघून "काय म्हणती?" असं खुणेनं विचारत होते. मी म्हणाले, कुत्रं राहू दे म्हणते.

कुत्रं राहिलं. बाहेरच्या खोलीच्या खिडकीच्या गजाला, सुती दोरीनं बांधून. चार दिवस आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मग एका संध्याकाळी मी कामावरून आले तर दोघं पायरीवर शेजारी बसले होते आणि आप्पा त्याला तळहात उलटा-सुलटा करून काहीतरी नवीन शिकवत होते. पुढे रोजचं झालं. संध्याकाळी माग बंद झाले की आप्पा दोरी हातात घेऊन त्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत नेत. आप्पांना माणसांत बसणं नकोसं झालं होतं हे तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं. सभांना जाणं त्यांनी कधीच सोडलं होतं, विचारलं तर म्हणायचे, "आता पयल्यासारकं बोलणारी माणसं न्हाईत." बोलणारी होती. ह्या कुत्र्याबरोबर मात्र त्यांना कुठलंच नाटक करावं लागत नव्हतं. कुत्र्याला दोरीची गरज नाही, माझ्या हाताकडे बघून चालतं, असं म्हणत त्यांनी हळूहळू दोरी काढली. आई बोलली. त्यांनी हात झटकला.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी एका मागाचा पट्टा तुटला होता म्हणून आप्पा आमचे माग बंद करून दुपारीच बाहेर पडले. गल्लीतले बाकी सगळे माग चालू होते. सुताचा टेम्पो गल्लीत मागं मागं येत होता. चालवणारा गोकाककडचा, विशीतला मुलगा. त्याला मागचं पूर्ण दिसत नव्हतं म्हणून तो हॉर्नवर हात ठेवूनच येत होता. आप्पा आणि कुत्रं रस्त्याच्या मधून, टेम्पोकडे पाठ करून चालले होते, आप्पा पुढे आणि कुत्रं त्यांच्या टाचेला लागून. केशकर्तनालयातला न्हावी वस्तरा टाकून धावला आणि त्यानं आप्पांचा सदरा धरून त्यांना बाजूला खेचलं. कुत्र्याला खेचायला कुणी नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा माणसं जमली होती. कुत्रं मागच्या चाकाजवळ होतं. ते अजून गेलं नव्हतं. डोळे उघडे होते आणि ते आप्पांच्या हाताकडे बघत होतं, पुढची खूण काय होते याची वाट बघितल्यासारखं. आप्पांनी खूण केली नाही. ते टेम्पोवाल्या मुलावर धावले.

"हार्न दिला न्हाईस तू! हार्न दिला न्हाईस!"

"हॉर्न होडदीनरी," मुलगा म्हणत होता. वाजवला हो, वाजवला.

"मराठीत बोल की रं," मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या कुणीतरी त्याची कॉलर धरली. तिसरा म्हणाला, "ह्ये लोक असंच करत्यात, गल्लीत घुसत्यात आन् मारत्यात." मी हे आवाज ओळखते. मी त्यांच्यात वाढले आहे. गाडीखाली आलेलं कुत्रं आता बाजूला राहिलं होतं आणि गोष्ट भलतीकडेच निघाली होती. न्हाव्याला माहीत होतं की हॉर्न वाजला. चहावाल्याला माहीत होतं. पण आप्पा वडीलधारे, गल्लीतले जुने कार्यकर्ते, त्यांना खोटं पाडायचं कसं, म्हणून दोघंही गप्प होते. कॉलर धरलेल्या हाताची मूठ झाली.

आई घरातून हात पुसत आली. ती गर्दीतून सरळ आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांना तिचं तोंड दिसावं अशी.

"हार्न दिला त्यानं," ती म्हणाली. "मला सैपाकघरात ऐकू आला. तुमाला आला न्हाय. तुमाला ऐकायला येत न्हाय. लई दिस झालं, येत न्हाय. सोडा त्या पोराला."

तिनं आवाज चढवला नव्हता. गल्लीत अर्ध्या लोकांना मागांच्या आवाजात तिचे शब्द पोचलेही नसतील. पण आप्पांना पोचले, ओठांवरून, एकेक. मी त्यांचा चेहरा बघत होते. माझ्या आयुष्यात मी त्यांना पोलिसांसमोरही मान खाली घालताना बघितलं नव्हतं, ती आता खाली गेली.

कॉलर सुटली. टेम्पोवाल्या मुलानंच मागून एक रिकामं पोतं काढून आणलं. तोवर कुत्रं गेलं होतं. मुलगा आणि न्हावी, दोघांनी मिळून त्याला पोत्यात ठेवलं. आप्पा घरात गेले आणि उरलेले माग चालू करून मध्ये उभे राहिले.

पुढचे काही आठवडे आप्पा मागांच्या खोलीतून फक्त जेवायला बाहेर आले. मग एक दिवस आप्पा आपणहून माझ्या मागं गाडीवर बसले आणि आम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कामावर कधी कानात बोळे घालत होता का? आप्पा हसले. त्यांना तो विनोद वाटला. डॉक्टर म्हणाले, गेलंय ते परत येणार नाही. आहे ते राखता येईल, आवाजापासून लांब राहिलात तर. कानाला लावायचं मशीन मिळालं. संध्याकाळी आप्पा ते लावतात आणि कुकरची शिट्टी झाली की दचकतात. दिवसा ते डबीत असतं. मागाच्या खोलीत ते लावलं की डोक्यात घण बसल्यासारखं होतं असं ते म्हणतात. आवाजापासून लांब राहणं आमच्या घरात म्हणजे घराबाहेर राहणं, आणि तिघांचं पोट त्या आवाजावर चालतं.

यंदा मामाची कुत्री पुन्हा व्याली. साड्या चोरीला जायची भीती तशीच आहे, म्हणून आई आणि मी गेलो. या वेळी आम्ही शहाण्यासारखं निवडलं. विमान आल्यावर दचकून पळालेलं, पण विमान जायच्या आत बाहेर येऊन वर बघणारं एक करड्या रंगाचं पिल्लू होतं. मागं टिचकी वाजवली की कान टवकारायचं. घराला हवं तसं, अगदी बरोबर. मामी टोपली आणायला आत गेली.

आईनं पिल्लाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाच्या पातळ पाळीवरून बोट फिरवलं. "ह्येचं कान किती दिस टिकायचं गं आपल्याकडं?" ती म्हणाली.

 कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. जो आवाज सोसून आप्पांचे कान गेले, त्या आवाजात ह्याला बांधायचं, आमच्यासाठी ऐकायला. म्हणजे ज्या कामासाठी ह्याला न्यायचं तेच काम ह्याच्याकडून आमचं घर काढून घेणार. आम्ही दोनदा पिल्लू निवडायला गेलो आणि दोन्ही वेळा पिल्लाचीच परीक्षा घेतली. घराची कुणी घेतली नाही.

आईनं पिल्लू खाली ठेवलं. मामी टोपली घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, वैनी." एवढंच. आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. आप्पांनी दारातच खुणेनं विचारलं, कुठाय? आईनं मान हलवली आणि ती आत गेली. बाहेरच्या दाराला आम्ही आता दिवसाही आतून कडी लावतो.

माझी चीड पिल्लांच्या निवडीपुरती नाही हे तुम्हाला कळलंच असेल. न दचकणाऱ्याला धीट म्हणायचं, न कुरकुरणाऱ्याला गुणी म्हणायचं, सोसणाऱ्याला घराला शोभणारं म्हणायचं, आणि जे केकाटून सांगतंय की इथं काहीतरी वाईट चाललंय त्याला भित्रं ठरवून परत पाठवायचं, ही आपली जुनी सवय आहे. कुत्र्याबाबतीत तिची किंमत कुत्र्यानं दिली. माणसांबाबतीत ती अजून चुकती होते आहे, वडगावात, आणि जिथं जिथं घरात यंत्र आहे तिथं.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी मागावर, गिरणीत, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, कुठल्याही मोठ्या आवाजात काम करत असेल, तर पिल्लू बघायला जाण्याआधी त्या माणसाला कान तपासायला घेऊन जा. तो म्हणेल, मला काही झालेलं नाही. तरी न्या. येताना कानात घालायचे बोळे घेऊन या, आणि उद्या सकाळी यंत्र चालू व्हायच्या आधी ते स्वतः त्याच्या हातावर ठेवा.